सोळाव्या मिनिटाची माफी

माझ्या हातून आजवर एकच माणूस सुधारला आहे, आणि त्याची मला मनापासून भीती वाटते. नाव देवमन. कामरगावला राहतो, कारंजा-कामरगाव जीप चालवतो आणि आमच्या ‘गोवरी टॉकीज’चा हिरो आहे. मी त्याला सुधारलं ते सोळा मिनिटांच्या फिल्ममध्ये, आणि त्यातली पंधरा मिनिटं तो बायकोला मारतोच.

गोवरी टॉकीज म्हणजे थेटर नव्हे. माझा चुलतभाऊ हरीओम, त्याचा मोबाईल, काठीला बांधलेला माइक आणि आमच्या इंझोरी गावातली जी कोणी माणसं त्या दिवशी रिकामी सापडतील ती, एवढा आमचा पसारा. हरीओम फिल्म काढून यूट्यूबवर टाकतो, संवाद मी लिहिते. माझं शिलाईचं दुकान आहे, त्यामुळे लिहायचं ते ब्लाउजच्या मापाच्या चिठ्ठ्यांमागे. सासूने सुनेला दिलेल्या शिव्या उलटून पाहिल्या की मागे कोणाची तरी छाती छत्तीस, बाही नऊ निघते.

आमचा एक नियम आहे. शेवट गोड. दारुड्या दारू सोडतो, सासू सुनेला पोटाशी धरते, एका फिल्ममध्ये तर तलाठी स्वतः सातबारा घेऊन शेताच्या बांधावर आला होता आणि लोकांनी तेही गोड मानून घेतलं. मी हरीओमशी भांडायची.

“अरे, मानूस असा एका मिनिटात सुधरते काय?”

“लोकायच्या घरी रडनं फुकट भेटते, राखी. तेच पाह्याले ते मोबाईल काहून उघडतीन? शेवटी गूळ ठेव.”

मी गूळ ठेवत गेले. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. दुकानात बायका सांगतात ते ऐकून ऐकून कान किटतात, आणि त्यातल्या एकीचंही मला काही करता येत नाही. फिल्ममध्ये तरी येतं.

पौर्णिमा ही नानाजी आणि मनकर्णाकाकूंची थोरली मुलगी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तीच देवमनची बायको. पोळ्याच्या आठवडाभर आधी ती माहेरी आली ती डावा हात गळ्यात बांधून. आईबापाला सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. मला खरं सांगितलं, माझ्या दुकानात, मी मशीन चालू ठेवली तेव्हा.

तो ओरडत नाही, म्हणाली. शिवीही देत नाही. आधी मनगटावरचं घड्याळ काढतो आणि फ्रिजवर ठेवतो, काच वर करून, जपून. घड्याळ निघालं की पुढचं तिला कळतं. मग तो तिला मागच्या सिमेंटच्या टाक्यापाशी नेतो आणि तिचं डोकं पाण्यात धरतो. वरून आकडे म्हणतो. एक, दोन, तीन. पाण्यात ते घुमल्यासारखे ऐकू येतात.

“सतरापर्यंत ऐकले मी एकडाव,” ती म्हणाली. “त्याच्यानंतरचं आठवत नाही.”

कोणाला सांगू नको म्हणाली. पोलिसांत जाऊ म्हटलं तर म्हणाली, धाकटीचं जमून राह्यलं, ते मोडन. मी कोणाला सांगितलं नाही. लिहिलं मात्र.

फिल्मची गोष्ट मी तिच्यावरूनच लिहिली. घड्याळ घातलं. टाकंही घातलं होतं, पण हरीओमने चिठ्ठी वाचली, ही कोणाची गोष्ट ते ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. “हे नको. लोकं भेतीन, मधातच बंद करतीन.” मी टाकं खोडलं. आणि त्या कामाला देवमनलाच घ्यायचं हे हरीओमने ठरवलं. आमच्याकडे त्याच्याइतकं रडणारा दुसरा नट नाही, जीप त्याची स्वतःची, आणि हरीओमच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. म्हणे, त्याच्याच तोंडून वदवू. बोलता बोलता माणूस बदलतेही. आणि मी, जी गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर सूतभर कापड जास्त कापत नाही, त्या मी त्यावर विश्वास ठेवला.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे असं भांडण झालं की बैठक बसते. जावयाने सासऱ्याच्या अंगणात, चार माणसांत चूक कबूल करायची. मग पोरीची ओटी भरायची आणि तिला नांदायला पाठवायचं. पौर्णिमा परत जायचं नाव काढेना, तेव्हा जावयाने हात उचलला एवढं नानाजींनी ओळखलं आणि देवमनला तीनदा निरोप धाडला. तो आला नाही. माफी मागायला म्हणून येणार नाही, असं त्याने जीपमधल्या पाशिंजरांसमोर सांगितलं होतं. फिल्मसाठी मात्र आला, अत्तर लावून.

शेवटचा सीन नानाजींच्याच अंगणात काढला. ऊन तिथे चांगलं येतं. सासऱ्याचं काम करणारे गृहस्थ मोतीबिंदू काढायला वाशीमला गेले, म्हणून नानाजींनाच खुर्चीवर बसवलं. पंच म्हणून बसले ते गावचे माजी सरपंच, रुपाबाई आणि आणखी दोघं. खऱ्या बैठकीलाही हेच बसतात. आम्हाला यात काही वावगं दिसलं नाही. घरचीच माणसं, घरचंच अंगण, आम्ही नेहमी असंच करतो.

देवमन संवाद पाठ करत नाही. मी तुळशीच्या ओट्याशी बसते, एक वाक्य म्हणते, तो ते माझ्यामागे म्हणतो, हरीओम माझा आवाज नंतर काढून टाकतो. त्या दिवशी मी म्हटलं आणि त्याने म्हटलं, “मामाजी, माह्यं चुकलं. जे झालं ते झालं. आता हा हात उठला तं तुमीच तोडून टाका.” ‘जे झालं’ नंतर त्याचा गळा असा दाटला की मी पुढचं वाक्य विसरले. त्याने नानाजींचे पाय धरले. नानाजींनी त्याला उठवून छातीशी घेतलं. हरीओमने कट म्हटलं तरी नानाजी रडतच होते. देवमनने गुडघे झटकले आणि म्हणाला, “च्या सांगा नं कोनी.”

एकच शॉट राहिला होता. बायको पिशवी घेऊन निघते आणि नवऱ्याच्या जीपमध्ये बसते, पाठमोरी. बायकोचं काम करणारी संस्कृती परीक्षेसाठी निघून गेली होती. मी पौर्णिमाला म्हटलं, तू चाल. वीस पावलं तर आहेत, तोंडही दिसणार नाही. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, माझ्यासाठी. दोनदा म्हटलं. संस्कृतीची साडी नेसून ती वीस पावलं चालली आणि जीपमध्ये बसली.

जीप कडुनिंबाशी थांबायची होती. ती थांबली नाही. वळण घेऊन फाट्याकडे गेली, तशी मी अनवाणी मागे धावले. हरीओम ओरडत होता, “अबे देवमन, कट! कट!” चारपाच मिनिटांनी जीप परत आली. देवमन हसत होता. पौर्णिमा उतरली, तिचे ओठ पांढरे पडले होते.

“काय म्हनला वं?” मी विचारलं.

“काहीच नाही. घड्याळ काढून समोर ठेवलं फक्त.”

फिल्म दसऱ्याला टाकली. नऊ लाख लोकांनी पाहिली. डोळ्यांत पाणी आलं भाऊ, असा जावई सर्वायले भेटो, असल्या कमेंटी. मी त्या वाचत बसायची. लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

तुरी कापायला आल्या तेव्हा माजी सरपंच नानाजींकडे निरोप घेऊन आले. देवमनचा निरोप. माफी मागून झाली आहे, नऊ लाख लोकांसमोर. आता गुरुवारी ओटी भरा, मी न्यायला येतो.

मी तिथेच होते, मनकर्णाकाकूंना ब्लाउज द्यायला गेलेली. मी मोठ्याने हसले. मग पाहिलं तर हसणारी मी एकटीच. नानाजी खाली बघत होते. काकू म्हणाल्या, “पाय तं धरले होते नं त्यानं.” दुसऱ्या दिवशी मी एका नवरीच्या ब्लाउजला पाठीचा गळा पुढून कापला. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. कात्री ठेवली आणि हात मांडीखाली दाबून बसले. ती गेली तर जिवंत परत येणार नाही, हे मला माहीत होतं, पौर्णिमाला माहीत होतं, आणि तिसरं ज्याला माहीत होतं तो गुरुवारी येणार होता.

हरीओमला म्हटलं, फिल्म काढून टाक. त्याने काढली. काही उपयोग झाला नाही. गावात प्रत्येकाच्या फोनमध्ये ती उतरलेली होती.

गुरुवारी अकराच्या सुमारास अंगणात सतरंजी पडली. देवमन आला, पांढरा इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ. मी त्या घड्याळावरून नजर काढू शकत नव्हते. मी जाऊन बसले ती नेमकी तुळशीच्या ओट्याशी, तिथेच जागा होती. काकूंनी ताटात तांदूळ, नारळ आणि खण काढून ठेवला होता. खण माझ्याच दुकानातला.

सरपंचांनी मोबाईलवर फिल्मचा शेवट लावला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. संपल्यावर म्हणाले, “झालं. आता कोनाले काही बोलाचं हाये?”

मी उभी राहिले. “काका, ते नाटक होतं. त्याच्यातले संवाद मी लिवले होते.”

“लिवले असशीन. चांगले लिवले.” ते शांतपणे म्हणाले. “मंगलाष्टकं बी लिवलेलीच असतात नं, पोरी? भटजी म्हनते, आपन अक्षता टाकतो. मंग लगन खोटं होते काय?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी जीभ गावात प्रसिद्ध आहे, लोक म्हणतात राखीच्या तोंडाला कुलूप नाही. त्या दिवशी लागलं.

“अन् पोरगी बी गेलीच होती की,” रुपाबाई म्हणाल्या. “आपल्या पायानं जाऊन जिपीत बसली. आमी पाह्यलं.”

ती वीस पावलं माझी होती. मी खाली बसले.

देवमन मान खाली घालून बसला होता, शहाण्या जावयासारखा. काकूंनी ताट उचललं. तेवढ्यात पौर्णिमा दारातून बाहेर आली. चेहरा धुतलेला, पदर खांद्यावरून घेतलेला. मला वाटलं, ही आता निघाली.

“मले माफी कबूल हाये,” ती म्हणाली. “पन एकडाव कॅमेऱ्याबिगर.”

“रास्त हाये,” सरपंच म्हणाले. “मांगा जवाईबापू, त्याच्यात काय जाते?”

देवमनने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला, नानाजींच्या पुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने सुरुवात केली. मामाजी, माह्यं चुकलं. जे झालं ते झालं. गळा दाटला तो बरोबर त्याच जागी. हात उठला तर तोडून टाका, तेही तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दोघातिघांनी डोळे पुसले. ते रडणं इतकं खरं होतं की एक पळभर मलाही वाटून गेलं, असेल, बदलला असेल.

“कायची माफी?” पौर्णिमाने विचारलं.

देवमन थांबला.

“काय चुकलं तुमचं? काय केलं होतं तुमी, तेवढं सांगा.”

त्याने तोंड उघडलं. फिल्ममध्ये पुढे काही नव्हतं, पुढे नानाजी त्याला उठवून छातीशी घेतात. नानाजी उठले नाहीत. देवमनने मान वळवली. त्याने पौर्णिमाकडे पाहिलं नाही की सासऱ्याकडे नाही, पाहिलं माझ्याकडे. डोळ्यांत पाणी तसंच होतं आणि भुवया जराशा वर, सांग पुढचं, म्हणून.

कारंज्याच्या रस्त्यावर त्याची जीप चालते. मी दर मंगळवारी त्याच रस्त्याने कापड आणायला जाते. घरी मी आणि म्हातारी आई, तिसरं कोणी नाही. हे सगळं मला तेव्हा आठवलं, तरी आवाज निघाला. शूटिंगला निघतो तसाच.

“मी तिले मांगच्या टाक्यापाशी नेलं.”

“मी तिले मांगच्या टाक्यापाशी नेलं,” देवमन म्हणाला. त्याच रडवेल्या आवाजात, माझ्यामागोमाग.

“अन् तिचं डोकं पान्यात धरलं.”

“अन् तिचं डोकं...”

तिथे त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

काकूंच्या हातातलं ताट तिरपं झालं होतं आणि त्यातले तांदूळ सतरंजीवर पडत होते. देवमन ताडकन उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी अजून वाहत होतं, पण आवाज पार निराळा होता, मी तो कधी ऐकला नव्हता.

“हे माह्यं बोलनं नाही! हे राखीनं लिवलं! तिचं वाक्य हाये हे, मी काय नुसता म्हननारा!”

कोणी काही बोलायच्या आत नानाजींनी विचारलं, अगदी सावकाश, “अन् त्याच्या आंधीचं कोनाचं होतं, जवाईबापू?”

देवमनने सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. मग त्यांनी तो खिशात घातला आणि एवढंच म्हणाले, “ताट आत न्या, मनकर्णाबाई.”

देवमन गेला. जाताना चपला शोधायला तो तुळशीच्या ओट्याशी वाकला आणि माझ्या कानाशी, अगदी प्रेमाने म्हणाला, “मंगळवारी कारंज्याले जाते नं तू? फाट्यावर थांबजो. मी घेतो तुले.”

हा मंगळवार परवा आहे. मी जाणार आहे, एसटीने जाणार आहे, हरीओमला सोबत नेणार आहे. हरीओम म्हणतो, हे सगळं फिल्म करून टाकू, खरा शेवट दाखवू. मी त्याला विचारलं, कुठी संपलं बे हे?

पण त्या गुरुवारचं थोडं राहिलं. माणसं उठून गेली. पौर्णिमा सतरंजीच्या टोकाशी बसली होती, सांडलेले तांदूळ एकेक करून उचलत होती. नानाजी खुर्चीतच होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि लेकीला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू विचारलं.

“ते टाक्याचं खरं हाये?”

मी मान डोलावली.

“कोनतं टाकं? न्हानीच्या मांगचं?”

“हो, नानाजी.”

ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

“मांगच्या साली दिवाळीले फराळाचं घेऊन गेलो होतो मी,” ते म्हणाले. “त्याच टाक्यावर हातपाय धुतले. पौर्णिमानंच पानी काढून देल्लं. अन् मी तिले म्हनलं, पोरी, मोठं गार पानी हाये वं तुह्या घरचं.”